मी प्रशासकीय खर्च

मी अठ्ठावीस वर्षं एका सामाजिक संस्थेची जीप चालवली. पण कागदावर विचाराल तर शेवटची दोन वर्षं सोडता एक दिवसही चालवलेली नाही. कागदावर मी पाणलोट सेवक होतो, मधमाशी मित्र होतो, हवामान बदल संवादक होतो, आणि एकदा तर दीड वर्षं किशोरी समुपदेशन सहाय्यकसुद्धा होतो. त्या वेळी मला भरघोस मिशा होत्या. नेमणुकीचं पत्र घरी नेऊन बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुम्ही पोरीसले काय शिकाडशात?"

"काहीच नही. गाडीच चालाडनी शे."

"मंग कागदवर तरी मिश्या काढी टाका," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

हे असं का, ते कळायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. आमची संस्था शहाद्याची. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, बी-बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या. ताईनं शाळेची नोकरी सोडून ती काढली. संस्थेत माणसं मोजकीच. ताई, हिशेब बघणारे हिरालालअप्पा, नवापूरकडच्या नर्स सिस्टर एस्तेर आणि मी. मी प्रकाशा गावचा. घरची शेती भावानं सांभाळली आणि मी स्टेअरिंग. कामं अनेक केली, पण कणा एकच: दर मंगळवारी सिस्टरला, तिच्या औषधांच्या पेटीला आणि वजनकाट्याला घेऊन तोरणमाळचा घाट चढायचा, पठार ओलांडून पलीकडच्या पाड्यांवर उतरायचं. गरोदर बाया तपासायच्या, पोरं काट्याला टांगायची, कुणी जास्त आजारी असेल तर त्याच गाडीत घालून खाली दवाखान्यात आणायचं. पाड्यावर या दिवसाला गाडीचा दिवस म्हणत. हे काम बंद पडू नये, एवढीच आमची सगळ्यांची धडपड होती. बाकी सगळं त्याच्यासाठी केलेलं नाटक, असं म्हटलं तरी चालेल.

हे चालायचं देणगीदारांच्या जिवावर. देणगीदार वाईट माणसं नसतात, हे आधीच सांगून टाकतो. लांबून येतात, ऊन सोसतात, आपल्या घामाचा किंवा बापाच्या घामाचा पैसा दुसऱ्यासाठी देतात. पण त्यांना दिसेल असं काहीतरी लागतं. वजनकाटा दिसतो. पाण्याची टाकी दिसते. शिलाई मशीन तर दिसतंही आणि वाजतंही. पण ऑफिसचं भाडं, विजेचं बिल, गाडीचा विमा, टायर, हिशेबनीस आणि ड्रायव्हर या सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे: प्रशासकीय खर्च. हा शब्द ते घरात उंदीर झालेत अशा आवाजात उच्चारतात. असू नयेत, असले तर कमीत कमी असावेत, आणि पाहुण्यांसमोर निघू नयेत. म्हणजे वजनकाटा हा प्रकल्प, पण तो काटा डोंगरावर नेणारा माणूस उंदीर.

ताई खोटं बोलणारी बाई नाही. भाजीवाल्यानं चुकून जास्त भाजी घातली तर परत द्यायला जाणारी बाई आहे. पण जीप चालवायला माणूस लागतो हे तिला माहीत होतं, आणि देणगीदारांना ते मान्य नव्हतं. तेव्हा जो प्रकल्प चालू असेल त्यात ती मला बसवायची. मधमाश्यांचा प्रकल्प आला तेव्हा हिरालालअप्पाही मधपाळ संघटक झाले. अप्पांना माशी चावली की अंग सुजतं. दीड वर्षात त्यांनी एकही पेटी पाहिली नाही, पण त्यांच्या सहीचे मधमाशीवरचे अहवाल इतके सुरेख असत की एका देणगीदारानं ते दुसऱ्या संस्थांना नमुना म्हणून पाठवले.

जीपचीही तीच कथा. ती एकानं दिली, तिचं इंजिन दुसऱ्यानं बांधून दिलं. दोघांनाही दारावर नाव हवं होतं. शेवटी डाव्या दारावर एकाचं आणि उजव्या दारावर दुसऱ्याचं नाव रंगवलं. ज्याची भेट असेल त्याला त्याच्याच दारानं चढवायचं आणि फोटोही त्याच बाजूनं काढायचा. उजव्या दारावाले आले की मोठी पंचाईत, कारण उजवीकडं स्टेअरिंग. एका वयस्कर ट्रस्टींना मी उजवीकडून चढवून गिअरवरून पलीकडं सरकवलं होतं. त्यांना वाटलं, डोंगरी भागात अशीच पद्धत असेल.

पाहुण्यांना आम्ही तीर-कामठा भेट द्यायचो. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं बनवलेला, फार देखणा. पाहुणे गहिवरून तो हातात घ्यायचे, फोटो काढायचे. मग विमानात हा नेऊ देतील का, हा प्रश्न त्यांना घाट उतरताना पडायचा. शहाद्याला पोचेपर्यंत तो जीपमध्ये 'चुकून' राहिलेला असायचा. एकच तीर-कामठा मी सात पाहुण्यांना दिलेला आहे, आणि सातही जण गहिवरले होते.

आता जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही. एक मोठा प्रकल्प मार्चमध्ये संपला. पुढचा 'जवळजवळ मंजूर' होता. जवळजवळ मंजूर हा आमच्या धंद्यातला सगळ्यात लांब ऋतू. त्या ऋतूत जीपचा विमा संपला, आणि विम्याची रक्कम घालायला एकाही प्रकल्पात रकाना नव्हता. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, असं ताई म्हणाली. माणसं बसतात त्या गाडीत, ती बरोबरच बोलत होती. पाच महिने जीप माझ्या दारात उभी राहिली. सिस्टर एसटीनं तोरणमाळपर्यंत जायची आणि पुढं चालत, जमेल तेव्हा. विम्याचं पाड्यावर आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात एक दिवस सकाळी पठारापलीकडच्या पाड्याच्या खेमादादाचा फोन आला. खेमादादा म्हणजे पाड्याचा कारभारी, चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा न बोलणारा माणूस. त्याची सून अडली होती. मी ओळखीच्या एकाची पिकअप मिळवायला धावलो. तो केळी घेऊन बाजाराला गेलेला. तो येईपर्यंत, मी वर पोचेपर्यंत दुपार झाली. सून वाचली. बाळ गेलं.

जीप माझ्या दारात होती आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी त्या दिवशी ती तशीच काढायला हवी होती, असं मला आजही वाटतं. ताईलाही वाटतं, हे मला ठाऊक आहे. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. पुढं ऑगस्टमध्ये मंजुरी आली ती मधमाश्यांची. आम्ही ती घेतली, कारण त्यात जीप बसत होती.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. शेवटी शेवटी एका मोठ्या देणगीदार संस्थेचा पोषणाचा प्रकल्प आमच्याकडं होता. त्यात मी समुदाय पोषण प्रेरक. तीन वर्षं संपत आली होती आणि पुढं मदत चालू ठेवायची की थांबवायची, हे ठरवायला त्यांच्या केतकी मॅडम येणार होत्या. दुसरा कुणी देणगीदार नजरेच्या टप्प्यात नव्हता. त्या नाही म्हणाल्या तर जीप पुन्हा माझ्या दारात. मॅडमचा निरोप आला: सोमवारी येते, आणि समुदाय पोषण प्रेरकाला प्रत्यक्ष काम करताना पाहायचं आहे.

ताईनं आम्हाला बोलावलं. "भटूभाऊ, सोमवारी तुम्ही प्रेरक."

"बरं. मग गाडी कोण चालवणार?"

हा विचार कुणी केलाच नव्हता.  मग सगळ्यांनी हळूहळू हिरालालअप्पांकडं पाहिलं. अप्पांकडं लायसन होतं. तरुणपणी काढलेलं. साखर कारखान्याच्या हंगामात मेहुण्याचा ट्रॅक्टर त्यांनी चालवला होता.

"ट्रॅक्टर काय आणि जीप काय," अप्पा म्हणाले, "चाकं चारच ना."

मला तिथंच आजारी पडायला हवं होतं.

सोमवारी निघालो. पुढं अप्पा आणि मॅडम, मागं मी आणि सिस्टर, माझ्या मांडीवर हिरव्या पालेभाज्यांचे तक्ते. ताई येणार होती, पण तिला सकाळपासून घाम फुटत होता, म्हणून ती राहिली. मॅडम पस्तिशीच्या, बारीक चष्म्याच्या, बोलायला गोड आणि डोळे फार चौकस. स्वतःच्या जीपच्या मागच्या बाकावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. तिथली गादी फाटलेली आहे आणि स्प्रिंग नेमकी कुठं टोचते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. म्हसावद सोडेपर्यंत अप्पांनी दोनदा गाडी बंद पाडली. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

"भाऊ," सिस्टर हळूच म्हणाली, "औषधांच्या पेटीवरचा पाय काढा."

मॅडम मागं वळल्या. "काका, प्रेरक म्हणून तुमचा दिवस कसा असतो?"

"सकाळी उठून आधी पाणी बघतो," मी म्हणालो, "मग ऑइल."

"आहारात तेल किती वापरतात ते," सिस्टर म्हणाली. मॅडमनी लिहून घेतलं.

घाटातल्या सातपायरीच्या एका वळणावर जीप थांबली. थांबली एवढंच असतं तर ठीक होतं. अप्पा घाबरले की त्यांची शुद्ध मराठी पळून जाते. पुढं बघत, अगदी शांतपणे ते म्हणाले, "भटूभाऊ, हाई गाडी मांगे जाई ऱ्हायनी."

"ब्रेक दाबा."

"दाबेल शे."

"जोरमा दाबा."

"जोरमाच दाबेल शे."

मी मागून हात घालून हँडब्रेक ओढला, उडी मारली आणि चाकामागं दगड लावला. मग वाकून पाहिलं, तर अप्पांनी पूर्ण ताकदीनं दाबलेला होता तो क्लच.  अप्पा उतरून मागच्या बाकावर, त्या स्प्रिंगवर जाऊन बसले. मी स्टेअरिंग हाती घेतलं. दोन वळणं मॅडम माझे हात बघत होत्या.

"काका, तुम्ही चांगली चालवता."

"शिकतोय, मॅडम," मी म्हणालो.

पठार ओलांडलं, तोरणमाळ मागं टाकलं आणि पाड्याकडं उतरणारा कच्चा रस्ता धरला. या रस्त्याबद्दल सांगायला हवं. पावसाळ्यात तिथं दर आठवड्याला दरड येते, पाणी रस्ता खाऊन टाकतं. पण मंगळवारी मी जातो तेव्हा रस्ता साफ. दगड बाजूला, चर बुजवलेला, उतारावर मुरूम टाकलेला. मी याचं श्रेय बांधकाम खात्याला देत होतो. शहाद्यात चहाच्या टपरीवर कुणी सरकारला शिव्या घातल्या की मी भांडायचो. म्हणायचो, तुम्ही वर येऊन पाहा, आमच्या डोंगरात खातं कसं चोख काम करतं. त्या रस्त्यावरून सरकारचं कौतुक करणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन. मॅडमनाही मी तेच सांगत होतो, तेवढ्यात वळण संपलं आणि मी ब्रेक मारला.

सगळा पाडा रस्त्यावर होता. पंधरा-वीस बाप्ये कुदळ, फावडं घेऊन, बाया डोक्यावर मुरुमाच्या पाट्या घेऊन. कडेला झाडाखाली मोठ्या भांड्यात दाळ शिजत होती. आम्ही नेहमी मंगळवारी जातो. त्या दिवशी सोमवार होता.

खेमादादा कुदळ टेकवून पुढं आला. तो पावरी बोलतो, थोडी मराठीही. आधी मला पाहिलं, मग मागं बसलेल्या अप्पांना, मग तक्त्यांना. "आज कसा आलास? तुझा दिवस उद्या."

मॅडम खाली उतरल्या. "तुम्ही यांना ओळखता?"

"ड्रायव्हर," खेमादादा म्हणाला.

सिस्टरनं डोळे मिटून घेतले. तिकडं एक म्हातारी स्प्रिंगवर कलून बसलेल्या अप्पांकडं बोट दाखवून शेजारणीला काही सांगत होती आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "दादा, हे काय चाललंय?"

"रस्ता."

"तो तर बांधकामवाले करतात."

खेमादादा हसला. वीस-बावीस वर्षांत मी त्याला हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. त्यानं मागं वळून पावरीत ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळा रस्ता हसायला लागला. फावड्याला टेकून हसत होते लोक. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

सिस्टरनं मॅडमना समजावलं. डोंगरात लाह म्हणून पद्धत आहे. एखाद्या घरचं मोठं काम निघालं, घर शाकारायचं, शेत नांगरायचं, की ते घर लाह बोलावतं. सगळा पाडा कामाला येतो. मजुरी नाही. ज्यानं बोलावलं त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं, बस. कुणी कुठं लिहून ठेवत नाही. रस्ता कुणा एका घरचा नाही, म्हणून रस्त्याच्या लाहेचं जेवण घरं आळीपाळीनं घालतात. पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत दर सोमवारी.

मॅडमनी बॅगेतून आमचाच अर्ज काढला. त्यात 'लोकसहभाग' या रकान्यात अप्पांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: नगण्य. मॅडमनी अप्पांकडं पाहिलं. अप्पा स्प्रिंगवरून जरा सरकले.

"कधीपासून करता हे?" मॅडमनी विचारलं.

खेमादादानं माझ्याकडं बोट केलं आणि बोलला. पावरीत बोलला, कारण एवढं मोठं त्याला मराठीत बोलायचं नव्हतं. सिस्टर मराठी करून सांगत होती, आणि मधेच तिचा आवाज बदलला. "ते म्हणतात, एका वर्षी याची जीप पाच महिने आली नाही, सून अडली त्या दिवशी दुसऱ्याची गाडीही उशिरा पोचली. त्यांच्या सुनेचं मूल गेलं त्या वर्षी. त्यांना वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून गाडी येत नाही. आपण रस्ता नीट ठेवला नाही, ही आपली चूक. म्हणून पहिली लाह त्यांनी बोलावली. तेव्हापासून रस्ता करतात."

 इतकी वर्षं हा माणूस आपल्या नातवाच्या मरणाचा दोष रस्त्याला आणि स्वतःला देत कुदळ मारत होता, आणि मी त्याच रस्त्यावरून आरामात जाऊन खात्याचं कौतुक करत होतो. मी ते पालेभाज्यांचे तक्ते बॉनेटवर ठेवले.

"दादा, रस्त्यामुळं नव्हतं ते," मी म्हणालो. "गाडीचा कागद नव्हता. विम्याचा. गाडी चांगली होती, रस्ताही चालण्यासारखा होता, मीही घरीच होतो. कागद नव्हता म्हणून गाडी निघाली नाही."

खेमादादा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा दगड उचलणार, आणि त्यानं उचलला असता तर मी हललो नसतो. पण तो विचार करत होता. मग त्यानं शांतपणे, मराठीत विचारलं, "तो कागद कुठं दुरुस्त करायचा असतो? सांग. आम्ही सगळे येतो."

 मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"तो कागद माझ्याकडं आहे," त्या म्हणाल्या.

मग आम्ही जेवलो. लाहेच्या ठिकाणी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि काम केल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, म्हणून मॅडमनी चार पाट्या मुरूम टाकला. अप्पांनी दोन टाकल्या आणि पाठ धरली. जेवताना मॅडम माझ्याशेजारी येऊन बसल्या. "काका, आता खरं सांगा. तुम्ही नक्की कोण?"

"मी प्रशासकीय खर्च आहे, मॅडम."

त्या हसल्या, आणि मग हसू थांबेना. "मी पण," त्या म्हणाल्या. "आमच्या संस्थेत माझा पगार त्याच रकान्यात असतो. दरवर्षी बैठकीत विचारतात, हा खर्च कमी करता येईल का. मी तिथंच खुर्चीवर बसलेली असते."

घाट उतरताना मात्र त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, मी जे पाहिलं ते सगळं लिहिणार, तुमचं प्रेरकाचं सोंगसुद्धा. लपवणार नाही. शहाद्याला आल्यावर त्यांनी ताईला समोर बसवून विचारलं. ताईनं एका दमात सगळं कबूल केलं, मधमाश्यांपासून किशोरींपर्यंत. ऐकताना अप्पा हुंदके देत होते. ताई शेवटी म्हणाली, "मी खोटं लिहिलं, हे खरं. पण मंगळवार खरा आहे, मॅडम. तेवढा एकच वाचवायचा होता." मॅडमनी त्यावर काही आश्वासन दिलं नाही. तीर-कामठा मात्र घेतला, आणि तो नेलाही. रेल्वेनं. आमच्याकडं तो परत आला नाही, तेव्हाच मला वाटलं, ही बाई वेगळी आहे.

दोन-अडीच महिने काही कळलं नाही. त्या काळात जीप चालू होती, पण दर मंगळवारी मला वाटायचं, हा शेवटचा. त्या कच्च्या रस्त्यावर मी गाडी आता इतकी हळू घालायचो की सिस्टर विचारायची, भाऊ, टायर गेला का. टायर गेला नव्हता. इतकी वर्षं ज्यांच्या श्रमावरून गाडी नेली त्यांच्या अंगणातून जाताना जसं जावं, तसा मी जात होतो. एकदा खेमादादाला म्हटलं, सोमवारी मीही येतो. तो म्हणाला, तू मंगळवारी ये.

मग पत्र आलं. त्यात मॅडमच्या संस्थेनं कबूल केलं होतं की आम्ही विचारलेले प्रश्न असे होते की तुम्हाला खोटंच उत्तर द्यावं लागलं. पुढची सहा वर्षं मदत देऊ. ती काट्यावर खर्च करायची की टायरवर, ते तुम्ही ठरवा. वर्षातून एकदा आम्ही येऊ आणि विचारू की काय जमलं, काय फसलं. अट एकच: ज्याचं जे काम आहे, तेच त्याच्या नावापुढं लिहायचं. ताईनं ते पत्र तीनदा वाचलं. मग आम्हा दोघांना नवीन नेमणूकपत्रं टाइप करून दिली. अप्पांच्या पत्रावर हिशेबनीस, माझ्या पत्रावर चालक. अप्पा ते घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आता मला विचाराल तर देणगीदारांना माझं सांगणं एवढंच आहे: वस्तू द्यायची असेल तर ती रोज हलवणाऱ्या माणसाचीही सोय करा, आणि द्यायचंच असेल तर जरा लांब मुदतीचं द्या. मोठ्या लोकांच्या सभेत हे सांगायला मला एकदा नेलंही होतं. मी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग एकानं उठून विचारलं की हे सगळं ड्रोननं करता येईल का.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. माझ्या जागी गणेश आला, आधी साखर कारखान्यावर गाडी चालवणारा, म्हसावदचा, दोन पोरांचा बाप. उघडपणे जाहिरात देऊन, चालक म्हणून नेमलेला आमच्या संस्थेतला पहिला माणूस. महिनाभर मी त्याच्या शेजारी बसून घाट शिकवला. कुठं दुसरा गिअर, कुठं पावसात कड सोडायची, कुठल्या पाड्याआधी हॉर्न द्यायचा. मी जिथं दुसरा टाकायचो तिथं तो तिसऱ्यावर जातो. गाडी जाते, पण मला त्याचा राग येतो.

निवृत्तीनंतरचा पहिला मंगळवार. प्रकाशाला घरी होतो. सकाळी सवयीनं तयार झालो, बूटसुद्धा घातले, मग काढले. दहा वाजता वाटलं, आता घाटात असतील. अकरा वाजता वाटलं, तिसऱ्यावर गेला असेल आणि अडकला असेल. बारा वाजता खेमादादाला फोन लावला. त्यांच्याकडं फोन लागतो तो फक्त टेकाडावर उभं राहिलं तर. चौथ्यांदा लागला.

"दादा, गाडी आली का?"

"आली. वेळेवर आली."

"कोणी आणली?"

आता तो काही म्हणेल असं मला वाटत होतं. नवा माणूस आहे, गाडी नीट घालत नाही, तुझी आठवण निघाली, असं काहीतरी. खरं सांगतो, मी वाट बघत होतो.

"ड्रायव्हरनं," खेमादादा म्हणाला. आणि वर विचारलं, "तुला काही पाहिजे होतं का?"

"नाही, काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बायको ओट्यावर धान्य निवडत बसली होती. "काय म्हने तो?"

"गाडी पोचनी."

"मंग तुमनं तोंड कसाले उतरनं?"

"नही," मी म्हटलं, "बरं वाटनं."